मांजर, उंदीर आणि बंबलबी: डार्विनच्या एका गोष्टीची उलटतपासणी

लोकलमध्ये लटकत ऐकणारे असोत, की "मला वाचायलाच बरं वाटतं" म्हणून इथे येणारे, दोघांचंही स्वागत. नेहमीप्रमाणे हे भागाचं लेखी रूप. बोलताना झालेले "अं..." आणि "म्हणजे ना..." काढलेत, बाकी मजकूर तोच आहे.

आजचा प्रश्न ऐकायला अगदी शाळकरी आहे. एक उंदीर आणि एक रानमाशी. या दोघांमध्ये साम्य काय?

पटकन उत्तर येतं, की काहीच नाही. एक सस्तन प्राणी, दुसरा कीटक. एकाला चार पाय, दुसरीला सहा. पण गेली दीडशेहून जास्त वर्षं या दोघांची नावं इतिहासात जोडीनं घेतली जातात आणि ती जोडली चार्ल्स डार्विननं. तुमच्यापैकी अनेकांनी ती गोष्ट कुठल्या ना कुठल्या रूपात ऐकली असेल: गावात मांजरं जास्त, तर शेतात फुलं जास्त. व्हॉट्सॲपवर फिरते तेव्हा तिला शेवटी एक नमस्काराचा इमोजीही असतो. मला ती गोष्ट आवडते. पण आवडणारी गोष्टच जरा जास्त घासून बघावी, म्हणून हा भाग.

आधी पात्रं ओळखून घेऊ.

उंदीर म्हणजे इंग्लंडच्या शेतांतला, कुंपणांतला रानउंदीर. वजन साधारण २० ग्रॅम. आपल्या घरातल्या उंदराचा लांबचा भाऊ समजा, फक्त डोळे आणि कान मोठे. त्याच्या सोबतीला व्होल नावाचा आखूड शेपटीचा, गोलमटोल चुलतभाऊ. तोही बिळात राहणारा, गवताचं मऊ घरटं करणारा.

माशी म्हणजे बंबलबी. आता इथे आपल्याकडे एक गोंधळ होतो. मराठीत तिला सर्रास 'भुंगा' म्हणतात, पण आपला भुंगा वेगळा. आपला तो काळा, चकचकीत, लाकूड पोखरणारा. ज्ञानेश्वरीत दाखला आहे ना, कोरडं लाकूड सहज भेदणारा भ्रमर कोवळ्या कळीत मात्र अडकतो, तो हा. तेराव्या शतकात ज्ञानेश्वरांनी तो लाकूड कोरतो हे अचूक टिपलंय. बंबलबी लाकूड कोरत नाही. ती अंगभर दाट केस असलेली, बहुतेकदा काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, थंड मुलखातली माशी. भारतात ती बघायची तर मुख्यतः हिमालयात जावं लागतं. त्यामुळे या भागापुरतं मी तिला बंबलबीच म्हणणार आहे. डार्विनच्या काळात तिला इंग्रजीत 'हंबल-बी' म्हणायचे, गुणगुणणारी माशी या अर्थानं.

तर आता १८५९. नोव्हेंबरमध्ये डार्विनचं 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' बाजारात येतं. त्याचं तिसरं प्रकरण आहे जगण्याच्या धडपडीबद्दल. तिथे त्याला वाचकाला एक गोष्ट पटवायची आहे: निसर्गात एकमेकांपासून फार लांब वाटणारे जीव एकमेकांशी अशा धाग्यांनी बांधलेले असतात, जे आपल्याला दिसतही नाहीत. आणि मग तो उदाहरण देतो लाल क्लोव्हरचं.

लाल क्लोव्हर म्हणजे तीन-तीन पानांचं, गुलाबी-जांभळ्या गोंडेदार फुलांचं चारापीक. आपल्याकडे लसूणघास असतो ना जनावरांसाठी, त्याच घराण्यातलं. डार्विनचं म्हणणं असं: या फुलातला मध खोल नळीत असतो. तिथपर्यंत फक्त बंबलबीची जीभ पोचते. म्हणून बंबलबी नसेल तर क्लोव्हरचं बी धरणार नाही. बंबलबी किती असणार हे ठरतं उंदरांवर, कारण उंदीर तिची पोळी आणि घरटी फस्त करतात. आणि उंदीर किती असणार हे ठरतं मांजरांवर. म्हणजे एखाद्या भागात मांजरं भरपूर असतील, तर तिथे काही विशिष्ट फुलंही भरपूर असतील, हे शक्य आहे.

'शक्य आहे' हा शब्द लक्षात ठेवा. डार्विन इथे फार जपून बोललाय. त्याच्यानंतर ही गोष्ट सांगणारे तितके जपून बोलले नाहीत.

या साखळीतल्या कड्या सारख्या मजबूत नाहीत आणि मला सगळ्यात रस आहे तो यात. पहिली कडी, माशी आणि फूल, ही डार्विननं स्वतः तपासली होती. पद्धत अगदी घरगुती. लाल क्लोव्हरचे १०० गोंडे उघडे ठेवले, तेवढेच जाळीखाली झाकले. उघड्या गोंड्यांना २,७०० बिया. झाकलेल्यांना एकही नाही. पांढऱ्या क्लोव्हरचं तसंच: उघड्या २० गोंड्यांना २,२९० बिया, झाकलेल्या २० गोंड्यांना शून्य. हे आकडे त्यानं पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्त्यांमध्ये घातले. याला प्रयोगशाळा लागली नाही, सरकारी अनुदान लागलं नाही. केंट परगण्यात डाउन नावाच्या खेड्यातलं त्याचं घर, मागची बाग आणि चिकाटी. त्याच बागेत नर बंबलबी कुठल्या वाटेनं उडतात हे शोधायला त्यानं आपल्या पोरांना वेगवेगळ्या झुडपांपाशी उभं केलं होतं. माशी आली की पोरानं ओरडायचं. क्राउडसोर्सिंग म्हणतात ते हेच की!

जिभेचा मुद्दाही बऱ्यापैकी खरा आहे. पाळीव मधमाशीची जीभ साधारण ६ मिलिमीटर. लाल क्लोव्हरच्या फुलाची नळी ९-१० मिलिमीटर. काही जातींच्या बंबलबीची जीभ त्याहून लांब असते. पण निसर्गाला 'फक्त' हा शब्द आवडत नाही. पहिली कापणी झाल्यावर जी दुसरी फुलं येतात ती थोडी लहान असतात, आणि त्यांच्यावर मधमाश्या येतात. हे डार्विननं नंतरच्या आवृत्त्यांमध्ये नोंदवलं. १८६२ मध्ये तर मधमाश्या आणि क्लोव्हर यांच्याबद्दल त्याला काहीतरी मोठं सापडलं असं वाटलं. त्यानं उत्साहानं शेजारी जॉन लबकला पत्र पाठवलं. पाठोपाठ दुसरं पत्र गेलं: तो सगळा भास होता, माफ कर, मला आता माझा, क्लोव्हरचा आणि माश्यांचा, तिघांचाही तिटकारा आलाय. इतक्या मोठ्या माणसाचा हा वैताग वाचला की बरं वाटतं.

दुसरी कडी, उंदीर आणि माशी. ही डार्विनची स्वतःची नाही. ती त्यानं घेतली न्यूमन नावाच्या गृहस्थाकडून. हे लष्करातले कर्नल आणि बंबलबीचे हौशी अभ्यासक. न्यूमनचं मत होतं की सबंध इंग्लंडात दोन-तृतीयांशाहून जास्त बंबलबी उंदरांमुळे नष्ट होतात. आणि तिसरी कडी, मांजर आणि उंदीर, तीही त्यांचीच. त्यांना खेड्यांजवळ आणि लहान गावांजवळ बंबलबीची घरटी जास्त दिसली, आणि त्याचं श्रेय त्यांनी उंदीर मारणाऱ्या मांजरांना दिलं.

आता तुम्हीच सांगा. सबंध इंग्लंडातली जमिनीखालची, गवतात दडलेली घरटी मोजणार कोण? दोन-तृतीयांश हा आकडा एका अनुभवी माणसाचा अंदाज होता. डार्विननंही तो 'न्यूमन असं मानतात' याच भाषेत दिलाय. म्हणजे एका टोकाला २,७०० विरुद्ध शून्य असा कडक प्रयोग, आणि दुसऱ्या टोकाला कर्नलसाहेबांचं मत. पण दोन्ही एकाच परिच्छेदात शेजारी बसले, आणि वाचकाच्या मनात दोघांचं वजन सारखं झालं.

मग गोष्टीला पाय फुटले. १८६२ च्या अखेरीस थॉमस हक्सली, डार्विनचा खंदा पाठीराखा, लंडनमध्ये कामगारांसाठी व्याख्यानं देत होता. त्यात त्यानं साखळी अजून एक पाऊल मागे नेली: मांजरं पाळतं कोण? लग्न न झालेल्या प्रौढ बायका. म्हणजे त्या बंबलबीच्या मैत्रिणी! बायकांवरचा हा विनोद तेव्हा खपला, आज कुणी स्टँड-अपमध्ये केला तर कमेंटमध्ये धुलाई होईल. तिकडे कार्ल फॉग्टनं साखळीचं दुसरं टोक ओढलं: क्लोव्हर खाऊन गुरं पोसतात, गुरांचं मांस खाऊन इंग्रज, म्हणजे इंग्लंडच्या थोरवीचं मूळ मांजरांत. एर्न्स्ट हेकेलनं १८६८ च्या आपल्या पुस्तकात हे सगळं एकत्र बांधून टाकलं. साहेबाचं साम्राज्य कशावर उभं? मांजरावर! आपल्या पणजोबांना हे कुणी सांगायला हवं होतं.

थट्टा बाजूला ठेवू, कारण क्लोव्हरची गोष्ट खरंच पैशाची आणि पोटाची होती. शेतकऱ्याच्या घरातले श्रोते 'बेवड' हा शब्द ओळखतील. हरभऱ्याचा बेवड चांगला, म्हणजे हरभरा काढल्यावर त्याच रानात पुढचं पीक जोमानं येतं. इंग्लंडात हेच काम क्लोव्हर करायचं. तिथल्या नॉरफोक भागातली प्रसिद्ध चार पिकांची फेरपालट म्हणजे गहू, टर्निप, बार्ली आणि क्लोव्हर. जमीन पडीक ठेवायची नाही, क्लोव्हर लावायचं. गुरांना चारा मिळतो आणि पुढच्या गव्हाला कस. हा कस येतो कुठून, हे 'ओरिजिन' आलं तेव्हा कुणालाच नीट माहीत नव्हतं. मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात, हे हेलरीगेल आणि विल्फार्ट या जर्मन संशोधकांनी सिद्ध केलं १८८६ ते १८८८ च्या सुमारास. तोवर शेतकऱ्याला कारण ठाऊक नव्हतं, परिणाम ठाऊक होता. आणि क्लोव्हर दरवेळी नव्यानं पेरायचं म्हणजे बी हवं. बी हवं म्हणजे माशी हवी.

आता येऊ त्या शाळकरी प्रश्नाकडे. साम्य काय?

डार्विनच्या गोष्टीत उंदीर खलनायक आहे. माशी बिचारी. पण बंबलबीची राणी वसंतात काय करते ते बघा. ती सगळा हिवाळा जमिनीत एकटी, शीतनिद्रेत काढते. जुनी वसाहत शरदातच संपलेली असते. म्हातारी राणी, कामकरी माश्या, नर, सगळे मेलेले. उरतात फक्त नव्या, फळलेल्या राण्या. ऊब आली की राणी बाहेर पडते आणि जमिनीलगत नागमोडी उडत, पालापाचोळ्यात शिरत, बांधाच्या भेगांमध्ये डोकावत काहीतरी शोधत फिरते. ती शोधते घर. आणि अनेक जातींना सगळ्यात जास्त आवडणारं घर म्हणजे उंदराचं सोडलेलं बीळ.

का? कारण उंदरानं आधीच सगळं करून ठेवलेलं असतं. कोरडी जागा, आत जायला बोगदा, आणि आत बारीक कातरलेल्या गवताचा, शेवाळाचा मऊ गोळा. राणीला बीळ खणता येत नाही, गवत वाहून आणता येत नाही. तिला हे सगळं आयतं लागतं. फ्रेडरिक स्लेडन नावाच्या इंग्रज अभ्यासकाचं १९१२ चं बंबलबीवरचं पुस्तक प्रसिद्ध आहे. राण्यांनी राहायला यावं म्हणून तो जमिनीत कृत्रिम घरटी करून ठेवायचा, म्हणजे थोडक्यात उंदराचं काम तो स्वतः करायचा.

मग राणी आत काय करते? मेणाचं एक चिमुकलं भांडं बनवते, त्यात मध भरते. परागाच्या गोळ्यावर अंडी घालते आणि त्यावर चक्क कोंबडीसारखी उबवायला बसते. पोटाची खालची बाजू अंड्यांना टेकवून, तोंड मधाच्या भांड्याकडे करून. रात्रभर तो मध पीत ऊब तयार करायची. होय, ऊब तयार करायची. कीटक म्हणजे थंड रक्ताचा, हे आपण शाळेत घोकलंय, पण बंबलबी त्यात बसत नाही. ती छातीतले उडण्याचे स्नायू पंख न हलवता थरथरवते आणि अंग तापवते. हवा थंडगार असली तरी उडण्याआधी तिला ते स्नायू ३० अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावे लागतात. बर्न्ड हाइनरिख या शास्त्रज्ञानं १९७९ मध्ये या माशीच्या ऊर्जेच्या जमाखर्चावर अख्खं पुस्तक लिहिलं.

आणि इथे उंदीर आणि माशी एकमेकांच्या फार जवळ येतात. लहान शरीराला एक शाप असतो. आकार जितका लहान, तितकं वजनाच्या मानानं कातडीचं क्षेत्रफळ जास्त, आणि तितकी उष्णता भराभर निसटते. चहाचा छोटा कप मोठ्या पातेल्याच्या आधी गार होतो, तसंच. त्यामुळे २० ग्रॅमच्या उंदराला आणि एका ग्रॅमच्या आतल्या राणी माशीला एकच हिशेब करावा लागतो: ऊब टिकवायची, तर सतत खायचं. चिचुंद्रीला काही तास अन्न मिळालं नाही तर ती मरते. भरल्या पोटाची उडती बंबलबीसुद्धा उपासमारीपासून फार तर तासाभराच्या अंतरावर असते. दोघांचे उपायही सारखे: अंगावर दाट केस, जमिनीखालचं उबदार घर, आत थोडाफार साठा. एक फरक मात्र मोठा आहे. रानउंदीर हिवाळाभर जागा राहून धडपडतो, राणी माशी सगळी दुकानं बंद करून झोपते.

एकच घर दोघांना का आवडतं, हे यातून कळतं. आणि उंदीर घरटं का फोडतो, हेही. थंडीनं कावलेल्या, सतत भुकेल्या प्राण्याला आयत्या बिळात मध, पराग आणि गुबगुबीत अळ्या सापडल्या तर तो सोडेल का? राणी एकटी असते त्या सुरुवातीच्या आठवड्यांत तर तिच्याकडे रक्षणाला कुणीच नसतं. म्हणजे न्यूमन चूक नव्हते. उंदीर घरटी खातात. पण तोच उंदीर घरटी बांधूनही देतो. तो दरोडेखोर आहे आणि घरमालकही.

आता ही गोष्ट साखळीत घालून बघा. मांजरं वाढली, उंदीर घटले. खाणारा कमी झाला, छान. पण बिळं करणाराही कमी झाला. मग बंबलबी वाढणार की घटणार? डार्विनच्या सरळ रेषेत याचं उत्तर नाही, कारण ती रेष मुळात सरळ नाहीच. गावाजवळ घरटी जास्त असतात, हे न्यूमनचं निरीक्षण मात्र खोटं ठरलेलं नाही. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये सामान्य लोकांच्या मदतीनं केलेली एक पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात घरांच्या बागांमध्ये आणि कुंपणांच्या कडेला घरटी जास्त आढळली, मोकळ्या गवताळ रानात आणि जंगलात कमी. पण बागेत फक्त मांजर नसतं. बागेत महिनोन्महिने फुलं असतात, भिंतींच्या भेगा असतात, कंपोस्टचे ढीग असतात. न्यूमननी जे पाहिलं ते बरोबर, पण मांजरावर श्रेय टाकायला माझं मन धजत नाही.

साखळीची खरी परीक्षा मात्र इंग्लंडात झाली नाही. ती झाली जगाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूझीलंडमध्ये, आणि तिथे लोकांचे पैसे पणाला लागले होते.

एकोणिसाव्या शतकात तिथे गेलेल्या इंग्रज शेतकऱ्यांनी गावाकडचं सगळं सोबत नेलं: मेंढ्या, गवत, क्लोव्हर. लाल क्लोव्हर उगवलं छान, फुललंही छान, पण बी धरेना. तिथल्या रानमाश्या आखूड जिभेच्या, आणि बंबलबी तर तिथे नव्हतीच. म्हणजे डार्विनचा जाळीखालचा प्रयोग आता सबंध देशावर चालू होता. दरवेळी बी इंग्लंडहून विकत आणायचं. मग लोकांनी डार्विनचं पुस्तक उघडलं आणि ठरवलं, बीऐवजी माशीच आणू.

बोलणं सोपं होतं. जहाजाला महिना-दीड महिना लागायचा आणि वाटेत विषुववृत्ताचा उकाडा. शीतनिद्रेतली राणी उकाड्यात जागी व्हायची आणि समुद्रात फूल कुठलं? मरून जायची. आधीचे प्रयत्न असेच फसले. तोडगा निघाला तो मटणातून! १८८२ पासून न्यूझीलंडचं गोठवलेलं मटण शीतगृहाच्या जहाजांतून इंग्लंडला जाऊ लागलं होतं. परदेशी प्राणी-वनस्पती आणून रुजवणारी कँटरबरीतली ॲक्लिमटायझेशन सोसायटी या कामाच्या मागे होती. तिच्यासाठी अशा जहाजांच्या थंड कोठडीतून, पॅक केलेल्या शेकडो झोपलेल्या राण्या केंटहून निघाल्या. केंट म्हणजे डार्विनचाच परगणा. तो स्वतः मात्र १८८२ मध्येच गेला होता. १८८५ च्या सुरुवातीला दोन जहाजांतून त्या पोचल्या. जिवंत उरल्या शंभराच्या आत.

तेवढ्या पुरल्या. काही वर्षांतच बंबलबी दक्षिण बेटावर पसरल्या आणि क्लोव्हरला बी धरू लागलं. डार्विनच्या साखळीतली पहिली कडी अशी सबंध देशाच्या आकारात सिद्ध झाली. आणि मांजर? त्याचा इथे कुणाला विचारच करावा लागला नाही. घराची सोयही झालेली होती. या देशात वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा मूळचा एकही सस्तन प्राणी नाही, पण युरोपी जहाजांतून घरउंदीर आधीच उतरले होते. माशी पोचली तेव्हा तिचा घरमालक बीळ तयार ठेवून बसला होता.

एक गंमतही झाली. रुजलेल्या चार जातींपैकी जी सगळ्यात जास्त माजली, तिची जीभ आखूड. ती क्लोव्हरच्या नळीला बाजूनं भोक पाडते आणि मध चोरते. म्हणजे समोरच्या दारानं जाऊन पराग अंगाला लावून घेण्याचं मुख्य काम तिच्याकडून धड होतच नाही. मधाचं बिल भरायचं बाकीच्या तीन जातींनी.

त्या तिघींपैकी एकीची पुढची कथा सांगतो आणि थांबतो. शॉर्ट-हेअर्ड बंबलबी, म्हणजे आखूड केसांची. तिच्या शास्त्रीय नावातलं 'सबटेरेनियस' म्हणजे भूमिगत. इंग्लंडच्या दक्षिणेत ती एकेकाळी नेहमी दिसायची. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथली शेती बदलली. नायट्रोजन गोणीतून मिळायला लागला, मग बेवडासाठी क्लोव्हर कोण लावणार? नांगराचे घोडे गेले, ट्रॅक्टर आले, त्यामुळे घोड्यांच्या चाऱ्याचं क्लोव्हरही गेलं. फुलांची जुनी गवताळ रानं तर जवळजवळ सगळी नाहीशी झाली. ही माशी ब्रिटनमध्ये शेवटची नोंदली गेली १९८८ मध्ये, केंटच्या किनाऱ्यावर, डंजनेसजवळ. २००० मध्ये ती तिथून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. उंदरांमुळे नाही. मांजरं कमी पडली म्हणूनही नाही. फुलं संपली म्हणून. डार्विननं साखळी मांजराकडून फुलाकडे सांगितली होती. तुटली ती फुलाकडून.

पण न्यूझीलंडमध्ये ती अजून उडत होती. ज्या माशीला साहेबानं मटणाच्या जहाजातून तिकडे पाठवलं, तिचीच पणतवंडं परत मायदेशी आणायची, असा बेत २००९ च्या सुमारास ठरला. जमला नाही. बंदिवासात माश्या टिकेनात. जनुकीय अभ्यासात आढळलं की न्यूझीलंडमधली ही सगळी प्रजा अगदी मोजक्या, कदाचित दोनच राण्यांपासून वाढलेली आहे. इतकं जवळचं रक्त असलं की वंश नाजूक होतो. मग लोक वळले स्वीडनकडे. २०१२ च्या वसंतात तिथून पकडून आणलेल्या सुमारे ५० राण्या डंजनेसच्या राखीव रानात सोडल्या. त्याआधी आजूबाजूच्या शेतकऱ्यांना बांधावर पुन्हा फुलं लावायला तयार केलं होतं. त्या फुलांमध्ये लाल क्लोव्हर होतं, हे सांगायला नकोच. पुढच्याच वर्षी तिथे या जातीच्या कामकरी माश्या दिसल्या. म्हणजे सोडलेल्यांपैकी निदान एका राणीनं कुठेतरी घर शोधलं होतं, अंडी उबवली होती, आणि ती पहिली पिढी वाचली होती.

ते घर कुणी बांधून ठेवलेलं असेल, याचा अंदाज आता तुम्हाला आहेच.

भेटू पुढच्या भागात. तुमच्या गावाकडे भुंग्याला, उंदराला, चिचुंद्रीला वेगळं नाव असेल तर कळवा, मी अशी नावं गोळा करतोय.